रंग पुसला, निवड तशीच राहिली

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत गेली अनेक वर्षे ज्यांचा दुधाचा रतीब आहे, त्या काकांसाठी मी एक छोटे मोबाइल ॲप लिहून दिले आहे. त्यात गिऱ्हाइकांची यादी आहे, कोणत्या घरी रोज किती दूध जाते त्याची नोंद आहे आणि कोणी गावाला गेले की त्या घराचा खाडा लावण्याची सोय आहे. खाडा लावायचा असेल तर घराच्या ओळीवर बोट क्षणभर दाबून धरायचे, ओळ निळसर होते, मग आणखी हवी ती घरे टिपत जायचे आणि शेवटी खालचे ‘खाडा’ हे बटण दाबायचे. एके दिवशी सकाळी सातच्या सुमारास काकांचा फोन आला. “अरे, मी काल एकच घर निवडलं होतं, आज चार घरांचं दूध कसं बंद झालं?”

काकांचे म्हणणे खरे होते. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तीन घरे निवडली होती, मग विचार बदलला म्हणून बॅकचे बटण दाबले होते आणि त्या तिन्ही ओळी त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी वेगळेच एक घर निवडून खाडा लावला. त्या वेळी पडद्यावर एकच ओळ निळी होती, पण ॲपच्या आतल्या वहीत चार घरे होती. मी रंग पुसण्याचा कोड लिहिला होता आणि निवड पुसण्याचा विसरलो होतो.

बोटाने चालणाऱ्या यादीतली निवड मोकळी करणे, म्हणजे प्रोग्रामर ज्याला सिलेक्शन रिसेट करणे म्हणतात ते काम, ऐकताना एका ओळीचे वाटते. प्रत्यक्षात ते कोठे करायचे, केव्हा करायचे आणि नेमके काय पुसायचे या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी निघतात, आणि जो प्रोग्रामर त्यांची सरमिसळ करतो त्याच्या गिऱ्हाइकाला एखाद्या दिवशी चहा कोरा प्यावा लागतो.

निवड राहते कुठे

एखादी ओळ निवडलेली आहे, ही गोष्ट एकच असली तरी तिची नोंद फोनमध्ये बहुधा तीन ठिकाणी असते. पहिली नोंद डोळ्यांसाठी असते: ओळीचा रंग बदलतो किंवा तिच्या कडेला बरोबरची खूण उमटते. दुसरी नोंद यादीच्या तयार साच्याकडे असते, कारण ॲपल आणि गूगल या दोघांनीही प्रोग्रामरला यादी दाखवण्याचे साचे तयार करून दिलेले आहेत आणि त्यांपैकी बरेचसे साचे कोणत्या ओळीला हात लागला हे स्वतःपुरते लक्षात ठेवतात. तिसरी नोंद ॲप लिहिणाऱ्याने स्वतः ठेवलेली असते. माझ्या ॲपमध्ये ती निवडलेल्या घरांच्या क्रमांकांचा एक संच होती आणि खाडा कोणाला लावायचा हे बटण दाबल्यावर त्या संचावरूनच ठरत होते. एकच उधारी तीन वह्यांत लिहून ठेवणाऱ्या दुकानदाराचे जे होते तेच इथे होते. कधी ना कधी एका वहीत खोडायचे राहून जाते आणि मग कोणती वही खरी यावर वाद सुरू होतो.

उलट बाजूची चूकही पुष्कळ ॲपमध्ये दिसते. संच रिकामा झालेला असतो, पण पडद्यावरची ओळ निळीच राहते. ही चूक त्रासदायक असली तरी तुलनेने निरुपद्रवी आहे, कारण ती दिसते आणि माणूस सावध होतो. काकांच्या बाबतीत झालेली चूक न दिसणारी होती, म्हणूनच ती जास्त महागात पडली. दोहोंपैकी एक पत्करावीच लागली तर मी डोळ्यांना दिसणारी चूक पत्करेन.

यावरचा उपाय तत्त्वतः साधा आहे. तीनपैकी एकच वही मुख्य मानायची आणि बाकीच्या दोन तिच्यावरून उतरवून घ्यायच्या. मुख्य वही म्हणजे ॲपचा स्वतःचा संच. निवड मोकळी करायची म्हणजे तो संच रिकामा करायचा आणि यादीला सांगायचे, ‘मजकूर बदलला आहे, स्वतःला पुन्हा रंगव.’ रंगाला थेट हात लावायचा नाही. ओळीचा रंग थेट बदलणारा कोड जिथे जिथे दिसेल तिथे चूक दबा धरून बसलेली आहे, असे मी आता धरूनच चालतो.

‘पुन्हा रंगव’ हा निरोप मात्र न विसरता द्यावा लागतो. अँड्रॉइडच्या लिस्टव्ह्यू या यादीच्या जुन्या साच्यामध्ये सर्व निवडी पुसण्यासाठी ‘क्लिअर चॉइसेस’ ही सोय आहे, पण ती आतली नोंद पुसून थांबते आणि पडद्यावर त्या क्षणी दिसणाऱ्या ओळी निळ्याच राहतात. त्यांच्यासाठी यादीला स्वतंत्र निरोप द्यावा लागतो. रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बांधण्याच्या साधनातल्या फ्लॅटलिस्ट या यादीची तऱ्हा अशीच आहे. तिला दिलेली गिऱ्हाइकांची यादी बदलली नसेल तर ती स्वतःला पुन्हा रंगवण्याचे कष्ट घेत नाही, आणि निवड बदलली म्हणून गिऱ्हाइकांची यादी बदलत नाही. त्यामुळे निवडीचा संच ‘एक्स्ट्रा डेटा’ या नावाच्या वेगळ्या वाटेने तिच्या हाती द्यावा लागतो आणि तो जुन्याच संचात फेरफार न करता दर वेळी नवा बनवून द्यावा लागतो, नाहीतर संच बदलल्याचे तिला कळतच नाही. कोड बरोबर लिहूनही पडद्यावर काहीच का हलत नाही, या प्रश्नावर संध्याकाळ घालवणाऱ्यांना बहुधा याच दोन ठिकाणी उत्तर सापडते.

शब्दांचा गोंधळ वेगळाच. अँड्रॉइडमध्ये ओळीच्या अनेक अवस्था असतात: प्रेस्ड, फोकस्ड, सिलेक्टेड, चेक्ड, ॲक्टिव्हेटेड. नवशिक्या माणसाला ‘सिलेक्टेड’ हा शब्द आपल्या कामाचा वाटतो, पण लिस्टव्ह्यूच्या लेखी त्याचा अर्थ निराळा आहे. २००८ साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर एक छोटा फिरता गोळा होता. तो अंगठ्याने फिरवला की यादीतला ठळकपणा एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकत असे, आणि तो जिथे थांबेल ती ओळ ‘सिलेक्टेड’. पडद्याला बोट लागले की फोन स्पर्शाच्या पद्धतीत शिरतो आणि हा ठळकपणा नाहीसा होतो. बोटाने टिपून ठेवलेली ओळ ही खरे तर ‘चेक्ड’ असते आणि तिला रंग देण्यासाठीची ‘ॲक्टिव्हेटेड’ ही अवस्था २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० बरोबर आली. गोळा कधीच गेला, त्याच्या काळातला शब्द मात्र राहिला, आणि त्या शब्दाच्या भरवशावर भलतीच अवस्था पुसणारे प्रोग्रामर अजूनही भेटतात.

उष्टे ताट

या विषयातली सर्वांत फसवी गोष्ट समजून घ्यायला ठाणे स्टेशनाजवळच्या कोणत्याही खानावळीत दुपारी एक वाजता जाऊन बसावे. तासाभरात शंभर-दीडशे माणसे जेवून जातात, पण खानावळीत ताटे तीस-चाळीसच असतात. एक जण उठला की त्याचे ताट मोरीत जाते, विसळले जाते आणि पुढच्या माणसासमोर येते. जेवणाऱ्याला ताट आपले वाटते, मालकाला माहीत असते की ते फिरते आहे.

फोनमधली यादी याच पद्धतीने चालते. काकांच्या यादीत चारशे घरे आहेत, पण पडद्यावर एका वेळी आठ-नऊच मावतात. चारशे ओळी खरोखर तयार केल्या तर फोनची स्मृती आणि बॅटरी दोन्ही उगाच खर्ची पडतील, म्हणून यादी फक्त दहा-पंधरा ओळी तयार करते आणि त्याच फिरवत राहते. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ खालून नव्या घराचे नाव घेऊन परत येते. आयफोनवर ही पद्धत २००८ मध्ये प्रोग्रामरांसाठी साधने खुली झाली तेव्हापासून आहे. अँड्रॉइडच्या लिस्टव्ह्यूतही ती होती, पण २०१४ मध्ये आलेल्या नव्या साच्याचे नावच रिसायकलरव्ह्यू असे ठेवले गेले, तेव्हा कुठे ती सर्वांच्या ध्यानात आली.

आता समजा प्रोग्रामरने असे लिहिले की बोट लागले की त्या ओळीला निळा रंग द्यावा. काकांनी अ-२०३ या घरावर बोट ठेवले, ओळ निळी झाली. त्यांनी यादी सरकवली, अ-२०३ वर निघून गेले आणि तीच ओळ, तोच निळा रंग घेऊन, क-७०१ चे नाव लावून खालून वर आली. काका बुचकळ्यात पडणार, कारण त्यांनी क-७०१ ला हातही लावलेला नाही. ताट उष्टेच पुढे आले आहे. गंमत अशी की यादी लहान असली, सगळी घरे एकाच पडद्यात मावत असली, तर हा दोष कधीच दिसत नाही. प्रोग्रामर स्वतःच्या टेबलावर सहा नावांची यादी घेऊन तपासतो, सर्व काही सुरळीत दिसते, आणि चारशे घरांच्या यादीवर पहिल्याच दिवशी भुते नाचू लागतात.

म्हणून नियम असा की ओळीवर नवे नाव चढवताना तिचा रंग दर वेळी नव्याने ठरवला पाहिजे, आणि तो दोन्ही बाजूंनी ठरवला पाहिजे: हे घर संचात असेल तर निळा, नसेल तर पांढरा. यातला दुसरा भाग बहुतेक जण गाळतात. ओळ मुळात पांढरीच असते, मग पुन्हा पांढरी कर असे कशाला सांगायचे, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, पण फिरत्या ताटाला ‘मुळात’ असे काही नसते. आयफोनच्या साच्यात ओळ पुन्हा वापरण्याआधी साफसफाई करण्यासाठी ‘प्रिपेअर फॉर रीयूज’ अशी एक जागा ठेवलेली आहे. तिथे जुन्या खुणा पुसता येतात, तरीही नाव चढवताना रंग ठरवण्याच्या कामातून त्यामुळे सुटका होत नाही.

हे एकदा अंगवळणी पडले की निवड मोकळी करण्याचे निम्मे काम आपोआप होते. संच रिकामा असेल तर कोणतेही घर संचात नाही, त्यामुळे जी ओळ रंगवली जाईल ती पांढरीच होणार. कोणत्या ओळी निळ्या होत्या हे शोधत बसण्याची गरज उरत नाही. सगळी यादी नव्याने रंगवण्याऐवजी ज्या ओळींची स्थिती बदलली तेवढ्यांनाच निरोप देणे अधिक चांगले. मात्र रिसायकलरव्ह्यूमध्ये असा निरोप दिला की ओळ क्षणभर लुकलुकते, कारण जुनी ओळ विरघळून नवी उमटल्याचा परिणाम साचा स्वतःहून दाखवतो. निरोपासोबत ‘फक्त निवड बदलली आहे’ अशी चिठ्ठी जोडता येते, मग लुकलुकणे थांबते.

रांगेतला सातवा

संचात काय लिहायचे, हा पुढचा प्रश्न. बरेच जण ओळीचा अनुक्रम लिहितात: तिसरी, सातवी, बारावी. हे सोपे आहे, कारण बोट कोणत्या ओळीवर पडले ते साचा अनुक्रमानेच सांगतो. पण ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही विचारा, सातवा माणूस कोण, हे दर मिनिटाला बदलते. पुढचे दोघे रिक्षात बसले की नववा सातवा होतो. यादी क्रमाने लावण्याचा पर्याय बदलला, शोधाच्या चौकटीत दोन अक्षरे लिहिली, सर्व्हरकडून नवी नावे आली किंवा एखादे घर काढून टाकले, की सातव्या ओळीवर दुसरेच कोणीतरी येऊन बसते आणि निवड त्याच्या गळ्यात पडते.

म्हणून संचात घराची कायमची ओळख लिहावी. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला जो न बदलणारा क्रमांक असतो तो लिहावा, आणि अनुक्रम फक्त बोट लागल्याच्या क्षणी त्या ओळखीपर्यंत पोहोचण्यापुरता वापरावा. तो क्षणही वाटतो तितका भरवशाचा नसतो. बोट लागले त्याच वेळी ती ओळ यादीतून काढली जात असेल तर रिसायकलरव्ह्यू उणे एक असा अनुक्रम देतो, म्हणजेच ‘या ओळीला आता जागा नाही’ असे सांगतो. हे उत्तर न तपासता पुढे गेलेले ॲप तिथेच कोसळते. रिसायकलरव्ह्यूसाठी गूगलने निवडीची जी वेगळी जोड दिली आहे, तिच्यात निवड अनुक्रमाऐवजी कायमच्या ओळखीशीच बांधावी लागते. मला तो आग्रह योग्य वाटतो.

ओळखीवर चालणाऱ्या संचाचीही एक बारीक खोड आहे. एखादे कुटुंब घर बदलून गेले, त्याची नोंद यादीतून निघाली, पण संचातला क्रमांक तसाच राहिला. वरच्या पट्टीवर ‘४ निवडले’ असे दिसते आणि यादी कितीही वरखाली केली तरी तीनच घरे निळी सापडतात. यादीत नवा मजकूर आला की संचातली जी घरे यादीत उरलेली नाहीत ती गाळून टाकावी लागतात. हेसुद्धा एक प्रकारचे रिसेटच आहे, फक्त अर्धवट, आणि तसेच असायला हवे. नवा मजकूर आला म्हणून सगळी निवड पुसून टाकणारी ॲप मी पाहिली आहेत. वीस घरे टिपून झाल्यावर पाठीमागून आलेल्या एका ताज्या नोंदीपायी सगळे टिपणे पुन्हा करावे लागले की माणूस फोन आपटायचाच बाकी राहतो.

एकच ओळ, आत जाऊन परत येणे

आतापर्यंत अनेक ओळी निवडण्याबद्दल बोललो. त्याहून नेहमीचा प्रकार म्हणजे ओळीवर बोट ठेवायचे, त्या घराचा तपशील उघडायचा, वाचायचा आणि मागे यायचे. इथे निवड काही क्षणांची असते, पण ती कधी सुटावी याला संकेत आहेत. आयफोनवरचा संकेत मला विशेष आवडतो. आत जाताना ओळ राखाडी होते, मागे आल्यावर ती तशीच राखाडी दिसते आणि बघता बघता फिकी होत पांढरी होते. आपण कोणत्या ओळीतून आत गेलो होतो याची तेवढ्या क्षणात आठवण होते. चारशे घरांच्या यादीत ही आठवण फार मोलाची आहे. ओळीवर बोट ठेवताक्षणीच निवड पुसली तर ती सोय हरवते, आणि पुसलीच नाही तर मागे आल्यावर ती ओळ डागासारखी राहते.

यादीला ॲपल ‘टेबल’ म्हणते, आणि तिचा पडदा सांभाळणाऱ्या ॲपलच्या तयार टेबल कंट्रोलरमध्ये हे आपोआप घडते, त्यासाठीचा पर्याय मुळातच चालू असतो. पण प्रोग्रामरने तो कंट्रोलर न वापरता साध्या पडद्यावर टेबल ठेवले, आणि व्यवहारात बहुतेक वेळा तसेच करावे लागते, तर पडदा पुन्हा दिसण्याच्या बेतात असताना निवडलेली ओळ कोणती हे विचारून ती सोडवण्याचे काम त्याच्यावर येते. त्यातही २०१३ मधल्या आयओएस ७ या आयफोनच्या प्रणालीपासून एक मेख आली आहे. पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट ओढून मागे जाता येऊ लागले, आणि अर्ध्यावर बोट सोडून न जाण्याचाही निर्णय घेता येऊ लागला. अशा वेळी यादीचा पडदा ‘मी आता दिसणार’ असे सांगून मोकळा होतो, निवड पुसली जाते, आणि माणूस प्रत्यक्षात मागे आलेलाच नसतो. पुढच्या खेपेस तो खरोखर मागे येतो तेव्हा फिकी होणारी ओळ गायब असते. म्हणून निवड पुसणे त्या सरकण्याच्या हालचालीला बांधून द्यावे आणि हालचाल रद्द झाली तर निवड पुन्हा जागेवर ठेवावी.

हेच ॲप टॅबलेटवर उघडले तर डावीकडे यादी आणि उजवीकडे तपशील असे दोन्ही शेजारी दिसतात. तिथे निवड मुळीच पुसायची नाही, कारण उजवीकडे कोणाचा तपशील चालू आहे हे डावीकडची ओळच सांगते.

काही जुन्या साच्यांत आणखी एक तक्रार नेहमी येत असे: एका घराचा तपशील पाहून मागे आले आणि पुन्हा त्याच घरावर बोट ठेवले तर काहीच होत नाही, दुसऱ्या घरावर ठेवले तर उघडते. कारण असे की तो साचा बोट लागल्याची वर्दी देत नाही, निवड बदलल्याची देतो. तेच घर आधीच निवडलेले असल्याने बदल काहीच झालेला नसतो. झामरिन फॉर्म्स या ॲप बांधण्याच्या जुन्या साधनामध्ये हे हमखास घडे. तिथे तपशील उघडल्यावर निवड रिकामी करून ठेवावी लागे, आणि रिकामी केली की ‘निवड बदलली’ ही वर्दी पुन्हा येई, या वेळी रिकाम्या हाताने. ती न ओळखणारे ॲप कोणाचाही नसलेला तपशील उघडायला जाई आणि बंद पडे. निवड पुसणे हीसुद्धा साच्याच्या लेखी एक घटना असते, हे ज्याला एकदा ठेच लागून कळले तो ते विसरत नाही.

पुसायचे केव्हा

इथून पुढे तंत्र संपते आणि तारतम्य सुरू होते. काकांच्या ॲपमध्ये मी काय ठरवले ते सांगतो. प्रत्येक ॲपमध्ये उत्तर तेच असेल असे नाही.

बटण दाबल्याबरोबर निवड पुसायची नाही, काम पार पडल्यावर पुसायची. काका खाडे लावतात ते दूध टाकता टाकता, आणि घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये शिरले की नेटवर्क जाते. बटण दाबले, निवड गेली, आणि लिफ्टच्या बाहेर आल्यावर ‘जोडणी झाली नाही’ असा संदेश आला, तर कोणती घरे होती हे काकांना पुन्हा आठवत बसावे लागेल. पाचपैकी तीन घरांचे काम झाले आणि दोन घरांचे अडले, तर तीन सोडायची आणि दोन निळीच ठेवायची.

बॅक हे बटण दोनदा मोजायचे. घरे निवडण्याचे काम चालू असताना पहिल्या बॅकने निवड रद्द व्हावी, पडदा तोच राहावा, आणि दुसऱ्या बॅकने पडद्याबाहेर पडावे. अँड्रॉइड ३.० मध्ये निवडीसाठी वर उघडणारी वेगळी पट्टी आली तेव्हापासून लोकांच्या हाताला हीच सवय आहे. त्या पट्टीवरची फुली, बॅक आणि काम पूर्ण होणे या तिन्ही वाटा पट्टी मिटण्याच्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे संच रिकामा करण्याचा कोड तिथे, आणि फक्त तिथेच, ठेवावा. माझी मूळ चूक नेमकी याच जागेची होती. फुलीच्या वाटेवर मी संच पुसत होतो, बॅकच्या वाटेवर नुसता रंग.

फोन आडवा केला तर निवड जाता कामा नये. अँड्रॉइडमध्ये फोन आडवा होताच पडदा सहसा मोडून नव्याने बांधला जातो, आणि काही जपून ठेवले नसेल तर संचही नव्याने, म्हणजे रिकामा, जन्माला येतो. २०१७ पासून मिळालेले व्ह्यूमॉडेल, म्हणजे पडद्याची माहिती पडद्याबाहेर सांभाळणारी जागा, या फेऱ्यातून संच वाचवते. पण काकांना मध्येच एखाद्या घरून फोन येतो, ते बोलत राहतात, मग नकाशा उघडतात, आणि तेवढ्यात फोनने स्मृती मोकळी करण्यासाठी आपले ॲपच मागच्या मागे बंद केलेले असते. त्यासाठी संच पडद्याच्या जतन केलेल्या स्थितीत लिहून ठेवावा लागतो, आणि तिथे जागा मोजकी असल्यामुळे फक्त घरांचे क्रमांक लिहावेत, त्यांचे सगळे तपशील लिहू नयेत.

हे केल्यावर उलटी अडचण पुढे आली. रात्री अर्धवट सोडलेली निवड पहाटे चार वाजता क्रेट उतरवताना जशीच्या तशी परत आली, तर ती सोय की धोका? मी धोका मानला. संचाबरोबर तारीख लिहिली आणि तारीख बदललेली दिसली की संच रिकामा करून टाकतो.

शोधाच्या चौकटीचा प्रश्न मला अजूनही पूर्ण सुटल्यासारखा वाटत नाही. ‘क’ इमारत शोधून दोन घरे टिपली, मग ‘ड’ शोधून एक टिपले, तर काकांना तिन्ही हवी असतात. त्यामुळे शोध बदलला म्हणून निवड पुसणे चूक ठरते. पण पडद्यावर न दिसणारी निवड म्हणजे पुन्हा तीच जुनी भीती. सध्या मी निवड ठेवतो आणि बटणावर नुसते ‘खाडा’ न लिहिता ‘३ घरांचा खाडा लावा’ असे लिहितो, शिवाय दाबल्यावर तिन्ही घरांची नावे एकदा दाखवतो. काकांना ती एक जास्तीची पायरी आवडत नाही. मी ती काढलेली नाही.

अलीकडच्या जेटपॅक कंपोज, स्विफ्टयूआय आणि फ्लटर या साधनांत रंग हाताने पुसण्याचा प्रश्नच बराचसा मिटला आहे, कारण तिथे पडदा संचावरूनच काढला जातो आणि संच बदलला की चित्र आपसूक बदलते. रिकाम्या संचावर निळी ओळ तिथे सहसा उमटत नाही. बाकीचे प्रश्न मात्र तसेच राहतात. कंपोजच्या यादीत प्रत्येक ओळीला कायमची ओळख दिली नाही तर ओळीची आतली स्थिती तिच्या जागेलाच चिकटते आणि रांगेतला सातवा पुन्हा हजर होतो. निवड ओळीच्या आत ठेवली तर ओळ पडद्याबाहेर जाताच ती विसरली जाऊ शकते, म्हणजे कोणी न सांगता झालेले रिसेट. निवड ओळीत ठेवू नये, यादीच्या वर ठेवावी, हा खानावळीपासून चालत आलेला नियम नव्या साधनांतही सुटत नाही.

तपासणीची एक युक्ती फारशी कोणी वापरत नाही. फोनमधला वाचून दाखवणारा टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू करून यादीवर बोट फिरवावे. दृष्टिहीन माणसासाठी असलेली ही सोय ओळ निवडलेली आहे की नाही हे बोलून सांगते, आणि ती रंग पाहत नाही, ओळीची नोंदलेली अवस्था वाचते. पांढऱ्या ओळीवर ‘निवडलेले’ असा आवाज आला तर आपण फक्त रंग पुसला आहे. निळ्या ओळीवर तो आलाच नाही तर आपण निवड फक्त डोळस लोकांसाठी लिहिली आहे.

दुरुस्त केलेले ॲप काकांना देऊन आठवडा झाला आणि पुन्हा फोन आला. आता म्हणे खाडा लागतच नव्हता. मी जाऊन पाहिले तर खाडे सगळे नीट लागत होते. काका घरे निवडत, बटण दाबत, काम पूर्ण होई, निवड ठरल्याप्रमाणे मोकळी होई आणि ओळी पांढऱ्या होत. “हे बघ, गेला खाडा,” असे म्हणून त्यांनी तीच घरे माझ्यासमोर पुन्हा निवडली आणि पुन्हा बटण दाबले, आणि ते बटण खाडा असलेल्या घरावर दाबले की खाडा काढत असल्यामुळे तो खरोखरच गेला. इतके दिवस निळा रंग म्हणजेच खाडा, असे त्यांनी धरले होते, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण खाडा लागल्याची दुसरी कोणतीच खूण मी यादीत ठेवली नव्हती. निवड ही बटण दाबेपर्यंतची गोष्ट आणि खाडा ही नोंदवून ठेवलेली, पण दोन्हींना पडद्यावर मिळून एकच रंग होता. आता खाडा असलेल्या घरापुढे नारिंगी पट्टीत ‘खाडा’ हा शब्द आणि किती तारखेपर्यंत ते लिहिलेले असते, खाडा काढण्याचे बटण वेगळे आहे, आणि निळा रंग आला काय नि गेला काय, काका त्याच्याकडे लक्ष देत नाहीत.